वाळवंटी झाकू: पहिल्या एचजी किटचं खेळणंपण कसं घालवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बंदाई या जपानी कंपनीचा १/१४४ प्रमाणातला हाय ग्रेड, म्हणजे एचजी, झाकू-२ (गंडम या जपानी ॲनिमे मालिकेतला अवाढव्य यंत्रमानव) घेतला, सूचनापत्रकाप्रमाणे जोडला, आणि आता कपाटात तो खेळण्यासारखा दिसतोय. त्याला वाळवंटी रंग द्यायचाय, ऊन-वाळू खाऊन झिजलेला दाखवायचाय. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) नाही, घर ठाण्यात, बाहेर धो धो पाऊस. अंगावर चिकटवायला कुठले सुटे तपशीलवार भाग मागवू, आणि डोळ्यात एलईडी लावू का, हेही विचारलंय.

सुटे भाग आत्ता मागवू नका. खेळणं खेळण्यासारखं दिसतं ते तपशील कमी असतात म्हणून नव्हे. प्लास्टिकची चकाकी, गेट (भागाला साच्याच्या चौकटीशी जोडणारा बारीक दांडा) कापल्याचे पांढुरके डाग, दोन अर्ध्या भागांमधली सरळ फट, जाडजूड कडा आणि बोथट केलेली टोकं, एवढ्या पाच गोष्टींमुळे डोळ्याला कळतं की हे हातभर अंतरावरचं प्लास्टिक आहे. यातली एकही गोष्ट वर काही चिकटवल्याने जात नाही. उलट चकचकीत, फटी दिसणाऱ्या अंगावर धातूचे गोल बसवले की दागिने घातलेलं खेळणं तयार होतं.

आधी एक आकडा पाठ करा: एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ साडेचौदा सेंटिमीटर. झाकूची कथेतली उंची १७.५ मीटर, म्हणून १/१४४ मध्ये तो सव्वाबारा सेंटिमीटरच्या आतबाहेर उभा राहतो. हातातल्या मॉडेलवर जे काही कराल ते १४४ ने गुणून बघा. पॅनलची रेघ ०.२ मिमी कोरली तर ती प्रत्यक्षात तीन सेंटिमीटर रुंद खाच झाली. चिलखताच्या दोन पत्र्यांमध्ये एवढी जागा पटते. तीच रेघ अर्ध्या मिलिमीटरची झाली की सात सेंटिमीटरची भेग, आणि यंत्र लगेच लहान वाटायला लागतं. रंग उडाल्याचा ठिपका दोन मिलिमीटरचा काढलात तर तिथे परातीएवढा रंग उडालाय. हा हिशेब बंदुकीवर करून बघायला तर मजा येते. झाकूची मशीनगन १२० मिमी बोअरची, म्हणजे मॉडेलवर ०.८३ मिमी. हातड्रिलला ०.८ चं पातं लावा आणि नळीचं तोंड पोखरा. बझूका २८० मिमीची, तिला २ मिमीचं पातं अगदी मापात बसतं. पाच मिनिटांचं काम, पण बंद तोंडाची बंदूक आणि पोकळ नळीची बंदूक यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

आता झाकू पूर्ण उघडा. भाग वेगळे करायचं चपटं पातं मिळतं ते वापरा. नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं तर कडा दबतात. आतले मऊ करडे पॉलिकॅप (सांध्यात बसणाऱ्या टोपण्या) वेगळ्या डबीत ठेवा. ते पॉलिथिलिनचे असतात, त्यांना प्लास्टिक सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद) धरत नाही आणि रंगही टिकत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे नंतर बघायचंच नाही.

गेटचे डाग: पुढच्या किटपासून भाग रनरवरून, म्हणजे ते जिला जोडून येतात त्या चौकटीवरून, दोनदा कापायची सवय लावा. पहिला काप भागापासून लांब, दुसरा जवळ, आणि तरीही केसभर गेट शिल्लक ठेवून ते पेपरने उतरवायचं. एकदम टेकून कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं. जिथे आधीच पांढरं पडलंय तिथे घाबरू नका, रंगाखाली ते झाकलं जाईल. फक्त खड्डा राहिलेला नको. पेपर हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर चालतो: ४००, ६००, ८००. रंगवणार असाल तर ८०० वर थांबा. त्याहून गुळगुळीत केलं तर प्राइमरला (रंगाआधीच्या अस्तराला) धरायला काही उरत नाही. पेपर नुसता बोटात धरून घासू नका. आइसक्रीमच्या काडीला चिकटवून घासा, नाहीतर सपाट भाग गोलसर होतात आणि झाकूचे पाय वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे दिसतात.

फटी हा या कामाचा गाभा आहे आणि इथेच लोक कंटाळतात. दंड, पोटऱ्या, पाठीवरची पिशवी, बंदूक, यांतले जे भाग दोन अर्ध्या करवंट्यांनी बनलेत ते शोधा. मात्र दिसली फट की बुजव असं करू नका. खऱ्या यंत्रातही पत्रे जोडलेले असतात. जिथे सांधा पटतो तिथे ती रेघ थोडी खोल कोरून पॅनलची रेघ करून टाका. नळीच्या किंवा गोलाकार भागाच्या मधोमध आलेली रेघ मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही, ती घालवायचीच. दोन्ही कडांना तामिया या जपानी कंपनीचं जाड सिमेंट लावा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा, आणि दाबा. फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर यायला हवी. ती आली म्हणजे जोड भरला. मग तो भाग दोन-तीन दिवस विसरून जा, दमट हवेत आणखी एखादा दिवस द्या. घाईने घासलं तर आज सपाट दिसणारी जागा रंग दिल्यावर आठवड्याभरात पुन्हा बसते आणि रेघ परत उमटते. जिथे प्लास्टिक कमी पडेल तिथे पुट्टी विकत घेऊ नका. रनरचे तुकडे बारीक करून पातळ सिमेंटच्या बाटलीत टाका, रात्रभरात काकवीइतकं घट्ट मिश्रण तयार होतं. ते त्याच प्लास्टिकचं असल्याने घासताना शेजारच्या भागाइतकंच कडक लागतं. एम-सील डायोरामाच्या (मॉडेलभोवती उभारलेल्या देखाव्याच्या) जमिनीसाठी छान आहे, पण या बारीक कामाला ते भरड पडतं.

फट बुजवली की एक नवी अडचण: आतला सांधा आता बाहेर काढता येत नाही, मग तो वेगळ्या रंगात रंगवायचा कसा? जपानी मंडळी याला अतोहामे म्हणतात, म्हणजे भाग नंतर घालता येईल अशी कापाकापी. सांध्याच्या गोल छिद्राची एक बाजू कापून त्याला इंग्रजी सी अक्षराचा आकार द्यायचा, म्हणजे करवंट्या चिकटवून रंगवून झाल्यावर सांधा बाजूने आत ढकलता येतो. कोपर आणि गुडघ्यात हे करावं लागेल. कापण्याआधी भाग जोडून बघा, कुठली बाजू झाकली जाते ते पाहा, आणि तीच कापा. हे जमलं तर पुढचं रंगकाम निम्म्याने सोपं होतं, म्हणून इथे एक संध्याकाळ जास्त गेली तरी जाऊ द्या.

कडांचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. कमरेच्या घेराचे पत्रे आणि उजव्या खांद्याची ढाल यांची कड मोजा: मिलिमीटरभर तरी भरेल, म्हणजे पंधरा सेंटिमीटर जाडीचा पत्रा. साच्यातून प्लास्टिक नीट वाहावं म्हणून ती जाडी ठेवावी लागते. तुम्ही आतल्या बाजूने कटरच्या पात्याने तिरकं खरवडत जा, बाहेरची कड कागदासारखी दिसेपर्यंत. बाहेरून हात लावायचा नाही. डाव्या खांद्यावरचे काटेही असेच: मुलांच्या सुरक्षेसाठी ते बोथट ठेवलेले असतात. पेपरने चारी बाजूंनी सारखं घासून टोक काढा. थोडी उंची कमी होते, पण ते चालतं.

प्रमाण बदलायचं असेल तर एकच ठिकाण सुचवतो. मांडी आडवी कापून मधे दीड-दोन मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तुकडा घाला. झाकू कथेतल्या मापाने जवळजवळ पाव मीटरने उंच होतो आणि उभं राहण्यात एकदम जडपणा येतो. तुकड्यासाठी स्टायरिनची पत्री मागवता येते, नाहीतर तळाशी त्रिकोणात ६ लिहिलेला दह्याचा कप घ्या. तोही पॉलिस्टायरिनच असतो, थर एकावर एक चिकटवून जाडी मिळवायची. कापण्याआधी आतल्या सांध्याची खुंटी कुठपर्यंत येते ते प्रकाशात धरून बघा. पहिल्याच किटमध्ये छाती-डोकं कापायला जाऊ नका.

रंगाआधी थोडी कथा ठरवायला हवी. वाळवंटी झाकू ही काही तुमची-माझी कल्पना नाही. गंडमची मूळ मालिका एप्रिल १९७९ ते जानेवारी १९८० चालली आणि पहिलं किट आलं जुलै १९८० मध्ये, म्हणजे मालिका संपल्यावर, ३०० येनला. ते गोंदाने जोडायचं होतं आणि प्रत्येक भागाला आजच्यासारखा वेगळा रंगही नव्हता. रंगवणं भागच होतं. मागणी इतकी वाढली की १९८३ मध्ये बंदाईने मोबाईल सूट व्हेरिएशन या नावाने मालिकेत न दिसलेल्या प्रकारांची किटं काढली. एमएस-०६डी हा वाळवंटी झाकू त्यांतलाच. तुमच्याकडचं एफ प्रकाराचं असलं तर ते मूळचं अंतराळातलं यंत्र, आणि ‘जे’ (इंग्रजी J) प्रकार म्हणजे जमिनीवरचं. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी, त्यामुळे तुम्ही ते ‘जे’ प्रकाराचं समजून रंगवू शकता. पण एकदा जमिनीवर उतरवलं की सगळी खूण तिथलीच हवी. धूळ गुडघ्याखाली दाट, कमरेवर विरळ. रंग उडालाय तो पावलांच्या पुढच्या कडांना, गुडघ्याच्या टोपणाला, बोटांच्या पेरांना आणि ढालीच्या खालच्या कोपऱ्याला. छातीच्या मधोमध रंग उडण्याचं कारण काय? सांगता येत नसेल तर तिथे ब्रश नेऊ नका.

आता पाऊस. लॅकर (चटकन उडणाऱ्या द्रावकातला) रंग किंवा लॅकर प्राइमर दमट हवेत मारला की पांढरट धुरकट होतो. द्रावक उडताना पृष्ठभागातली उष्णता ओढून घेतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्याच्यावर थिजते आणि रंगाच्या थरात अडकते. जुलैच्या ठाण्यात सकाळी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा हे होणारच. सगळ्यात जास्त फटका बसतो शेवटच्या मॅट क्लिअरला (चकाकी घालवणाऱ्या पारदर्शक थराला), आणि तिथे तो सगळ्यात वाईट, कारण खाली सगळं काम झालेलं असतं. स्वस्तातला आर्द्रतामापक घ्या आणि काटा ६५ च्या खाली असल्याशिवाय स्प्रे कॅनला हात लावू नका. एसी लावून बंद खोलीत फवारणं हा उपाय नव्हे. खोली कोरडी होते खरी, पण वाफा तुमच्या आणि घरच्यांच्या छातीत जातात. एन-९५ मास्क धुळीसाठी आहे, द्रावकाच्या वाफा तो अडवत नाही. त्यासाठी कार्बनची डबी असलेला मास्क लागतो, आणि उघडी गॅलरी.

माझा सल्ला सरळ आहे: पावसाळाभर फटी, कडा, काटे, कापाकापी करा. त्या कामाला तेवढा वेळ लागतोच. फवारणी दसऱ्यानंतरच्या ऑक्टोबर हीटमध्ये उरका. अगदीच धीर धरवत नसेल तर पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग ब्रशने द्या. दमटपणाने ते उशिरा सुकतात, पण पांढरे पडत नाहीत. एक जाड थर देण्याऐवजी पाणी घालून तीन-चार पातळ थर द्या. पहिला थर नेहमी भयानक दिसतो.

फवारणार असाल तर एअरब्रशवाचूनही बरंच साधतं. मिस्टर सरफेसर १००० किंवा १२०० चा करडा प्राइमर आधी. कॅन मिनिटभर हलवा, कोमट पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा म्हणजे दाब वाढून फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हात बुडवून सहज ठेवता येईल असं. उकळतं पाणी, गॅस, हीटर यांपासून कॅन लांब. भागापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. प्राइमर सुकला की राहिलेल्या सगळ्या फटी आपोआप समोर येतात. त्या पुन्हा घासा, पुन्हा प्राइमर. मग तामियाचा टीएस-३, डार्क यलो, सगळीकडून. तो सुकला की भाग उभ्या स्थितीत धरून टीएस-४६, लाइट सँड, फक्त वरून आणि जरा लांबून, तीस सेंटिमीटरवरून, हलका मारा. वरचे पृष्ठभाग उन्हाने विटल्यासारखे होतात, खालच्या बाजूंना गडद छटा राहते. एअरब्रशवाले ज्यासाठी तासन्तास घालवतात त्याचा बराचसा परिणाम दोन कॅनमध्ये मिळतो. सगळे भाग त्याच दिशेने धरलेत ना, एवढंच बघा. एका हातावर प्रकाश वरून आणि दुसऱ्यावर खालून पडला तर विचित्र दिसतं. सांध्यांच्या आत जिथे भागावर भाग घासतो तिथे रंग देऊ नका, किंवा आधी पेपरने थोडी जागा करून घ्या. नाहीतर पहिल्यांदा हात हलवताच रंग सोलून निघेल.

रेघांमध्ये गडद रंग सोडायचं काम सगळ्यांना आवडतं आणि किटं सगळ्यात जास्त इथेच तुटतात. इनॅमलचा वॉश (रेघेत धावणारा पातळ रंग) किंवा लायटरचं पेट्रोल लॅकर रंगाला काही करत नाही, पण उघड्या प्लास्टिकच्या ताणलेल्या जागी शिरलं की प्लास्टिकला तडा जातो. स्नॅप-फिट (गोंदाशिवाय दाबून जोडायच्या) किटमध्ये प्रत्येक खुंटी छिद्रात दाबून बसलेली असते, म्हणजे सतत ताणाखाली. एबीएस या प्लास्टिकचे भाग तर याबाबतीत आणखी नाजूक. म्हणून वॉश देताना भाग सुटे ठेवा, आतल्या बाजूला वाहू देऊ नका, आणि पूर्ण सुकल्याशिवाय जोडू नका. वॉशआधी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक रंगाचा, एक थर हवा, म्हणजे तो रेघेत धावतो आणि बाहेरचा सहज पुसला जातो. वाळवंटी रंगावर काळा वॉश घेऊ नका. मातकट तपकिरी घ्या. काळ्या रेघांनी यंत्र पुन्हा चित्रातलं दिसायला लागतं.

डेकल (पाण्यात भिजवून लावायच्या खुणा-आकड्यांच्या चकत्या) त्याच ग्लॉसवर, मार्क सेटर-सॉफ्टर (त्या चिकटवणारं आणि मऊ करणारं द्रावण) लावून. पाच-सहा पुरेत.

झिजवण्यासाठी महागडे बाटलीबंद रंग घ्यायची गरज नाही. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तोडा, गडद तपकिरी ॲक्रिलिकमध्ये बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि कडांवर हलके टेकवा. ठिपके ०.२-०.३ मिमीचे पडले पाहिजेत. तो तीन-चार सेंटिमीटरचा उडालेला रंग. मोठा ठिपका पडला तर ओल्या ब्रशने तत्काळ पुसा. चंदेरी रंग अगदी थोडा, फक्त पावलाच्या टोकाला आणि बंदुकीच्या पकडीला, जिथे घासणं रोजचं आहे.

ऊन आणि पावसाच्या ओघळांसाठी कॅमलचे कलाकारांचे तैलरंग घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. बर्न्ट अंबर, पांढरा आणि यलो ओकर एवढे तीन बास. ट्यूबमधून काढलेला रंग आधी जाड पुठ्ठ्यावर तासभर ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो आणि रंग मॅट सुकतो. मग पॅनलवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके ठेवा, दोन-तीन वेगवेगळ्या रंगांचे, आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसलेल्या चपट्या ब्रशने वरून खाली ओढा. जवळजवळ सगळं पुसलं जाईल. जे शिल्लक राहतं ते हवं आहे. पॅनलपॅनलचा रंग सूक्ष्म वेगळा होतो, आणि १७ मीटरचं यंत्र एका डब्यातून रंगवलेलं वाटेनासं होतं. तैलरंगाला सुकायला दिवस लागतात, त्यात आवडलं नाही तर पुसून पुन्हा करता येतं, हा त्याचा मोठा फायदा. टर्पेंटाइनलाही वर सांगितलेला तडकण्याचा नियम लागू आहे.

धुळीसाठी सॉफ्ट पेस्टलची कांडी वॉटर पेपरवर घासून पूड करा. अंगणातली माती वापरायचा मोह होतो, कोकणातली लाल माती तर फारच देखणी असते, पण चाळणीतून गेलेला बारीक कणही ०.१ मिमीचा असला तर तो प्रत्यक्षात दीड सेंटिमीटरचा खडा झाला, आणि जांभ्याचा तो लाल रंग तुमच्या पिवळ्या वाळवंटात कुठून आला याचं उत्तर देता येणार नाही. पूड मॅट क्लिअरनंतर लावा. आधी लावलीत तर क्लिअरखाली ती निम्मी नाहीशी होते. मॅटसाठी टीएस-८० चालेल. डोळ्यापुढचा पारदर्शक भाग असेल तर तो फवारण्याआधी काढून ठेवा, नाहीतर दुधी काच बसेल. तो नंतर बसवताना फेविक्विक वापरू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर बुरशीसारखा पांढरा थर येतो. पांढरा पीव्हीए गोंद पुरतो.

राहिला एलईडी. या किटमध्ये मी लावणार नाही. डोळ्याचं वर्तुळ दोनेक मिलिमीटरचं. त्यात ०६०३ आकाराचा एलईडी, म्हणजे १.६ बाय ०.८ मिमी, बसतो, पण केसासारख्या तारा मानेच्या गोळ्यातून नेण्यासाठी तो गोळा पोखरावा लागतो आणि डोकं सैल होतं. शिवाय डोक्याचं प्लास्टिक पातळ, त्यातून प्रकाश झिरपतो. आतून आधी काळा आणि मग चंदेरी थर दिल्याशिवाय सगळं डोकंच उजळतं. त्याऐवजी डोळ्याच्या जागी चंदेरी टेपची टिकली, वर पारदर्शक गुलाबी रंग, आणि त्याच्यावर यूव्ही रेझिनचा थेंब. दिवाणखान्याच्या उजेडात तो स्वतःच चमकतो. तरीही हट्ट असेलच तर लाल एलईडी घ्या, गुलाबी नको. लाल सुमारे दोन व्होल्टवर पेटतो, म्हणून तीन व्होल्टच्या बटणसेलवर २०० ओहमचा रेझिस्टर लावून आरामात चालतो. गुलाबी एलईडी आतून निळाच असतो, त्याला जवळजवळ तीन व्होल्ट लागतात, आणि सेल थोडा उतरला की मंदावतो. सेल अंगात कोंबू नका; तारा पाठीच्या पिशवीतून एका पायात उतरवा आणि सेल व बटण डायोरामाच्या तळाशी ठेवा, म्हणजे सेल बदलायला रंगवलेला झाकू उघडावा लागणार नाही.